वास्तवाला पडदा मिळवून देणारा माणूस

एका घरात कोंडलेल्या अनोळखी माणसांची भांडणे असोत, जंगलातल्या वाघिणीचा माग असो किंवा दुष्काळी गावातली पाण्याची रांग असो. दूरचित्रवाणीवर ‘खरे’ म्हणून जे जे दाखवले जाते, त्याच्या अखेरीस निर्मिती संस्थेचे नाव क्षणभर झळकते आणि नाहीसे होते. प्रेक्षकांचा हात तोवर रिमोटकडे गेलेला असतो. या संस्थेला पैसा कोणी दिला, कशासाठी दिला आणि त्या पैशाने कॅमेऱ्याची दिशा ठरवली का, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्यापूर्वी, आजपासून जवळपास शंभर वर्षांमागे, एका स्कॉटिश माणसाने मात्र हेच प्रश्न आपल्या आयुष्याचे काम मानले. त्याचे नाव जॉन ग्रिअर्सन.

ग्रिअर्सन यांना माहितीपटाचे जनक म्हटले जाते. गंमत अशी, की दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर महत्त्वाचा असा एकच चित्रपट आहे. त्यांनी चित्रपटांपेक्षा चित्रपट करणाऱ्या संस्था उभ्या केल्या. एकामागून एक, दोन खंडांत, आणि बहुतेक वेळा सरकारच्या किंवा उद्योगांच्या पैशावर. वास्तव दाखवायचे असेल तर त्यासाठी तिजोरी कोणाची तरी लागणारच, हे त्यांनी मनोमन स्वीकारले होते. त्या तिजोरीची किंमतही अखेर त्यांना मोजावी लागली.

शाळामास्तरांचा मुलगा

२६ एप्रिल १८९८ रोजी स्कॉटलंडमधील डीनस्टन या गावी ग्रिअर्सन यांचा जन्म झाला. वडील रॉबर्ट शाळेचे मुख्याध्यापक. आई जेन याही शिक्षिका होत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या लढ्यात आणि मजूर पक्षाच्या कामात त्या हिरिरीने भाग घेत. जॉन लहान असतानाच हे कुटुंब स्टर्लिंग शहराजवळील कॅम्बसबॅरन या गावी आले. घरात पुस्तके, वादविवाद आणि धर्मनिष्ठ स्कॉटिश शिस्त, तर घराबाहेर कष्टकऱ्यांची वस्ती असे त्यांचे बालपण गेले. शिक्षण हीच माणसाला वर आणणारी शक्ती आहे, हा संस्कार तिथलाच.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ग्लासगो विद्यापीठाचा विचार बाजूला ठेवून ते नौदलात दाखल झाले. सुरुंग काढणाऱ्या बोटींवर बिनतारी संदेश पाठवण्याचे काम त्यांच्याकडे होते. समुद्राशी जुळलेले हे नाते पुढे त्यांच्या चित्रपटात उतरले आणि मृत्यूनंतरही सुटले नाही. युद्धानंतर त्यांनी इंग्रजी आणि नीतिशास्त्र हे विषय घेऊन १९२३ मध्ये पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले.

शिकागोमध्ये त्यांनी अभ्यासाला घेतलेला विषय वृत्तपत्रे आणि लोकमत हा होता. वॉल्टर लिपमन या विचारवंत पत्रकाराने त्या काळात एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला होता. आधुनिक जग इतके गुंतागुंतीचे झाले आहे, की सामान्य मतदाराला सर्व प्रश्न समजणे शक्यच नाही. मग लोकशाही चालणार कशी? ग्रिअर्सन यांनी ही शंका मान्य केली, पण तिच्यापुढे हात टेकले नाहीत. देशोदेशींहून आलेले स्थलांतरित भडक मथळ्यांची वृत्तपत्रे वाचून अमेरिकी जीवन समजून घेत होते, हे त्यांनी पाहिले होते. नाट्य असेल तर माणूस माहितीही आवडीने घेतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे नाट्य सर्वांत प्रभावीपणे कोण देऊ शकते, याचे उत्तर त्यांना वर्तमानपत्राच्या कागदाऐवजी चित्रपटाच्या पडद्यावर सापडले.

फेब्रुवारी १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात त्यांनी रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘मोआना’ या चित्रपटाचे परीक्षण लिहिले. सामोआ बेटावरील जीवनाच्या त्या चित्रणाला दस्तऐवजाचे मूल्य आहे, असा अभिप्राय देताना त्यांनी ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला. चित्रपटाच्या एका प्रकाराला त्यातूनच नाव मिळाले. त्याच काळात आयझेनस्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा रशियन चित्रपट अमेरिकेत दाखवण्याच्या तयारीतही त्यांचा हात होता. एका बाजूला फ्लाहर्टी यांची माणसांविषयीची आस्था, दुसऱ्या बाजूला आयझेनस्टाइन यांचे संकलन. या दोहोंचा मेळ घालण्याचा निश्चय करून १९२७ मध्ये ते मायदेशी परतले.

हेरिंग मासा आणि सरकारी तिजोरी

लंडनमध्ये एम्पायर मार्केटिंग बोर्ड नावाची एक सरकारी संस्था होती. ब्रिटिश साम्राज्यातील मालाचा खप वाढवणे हे तिचे काम. तिचे सचिव स्टीफन टॅलेंट्स हे प्रसिद्धीची ताकद ओळखणारे अधिकारी होते. ग्रिअर्सन त्यांच्याकडे रुजू झाले आणि त्यांनी चित्रपटाचा प्रस्ताव मांडला. अडचण अर्थखात्याची होती. या खात्याचे एक मंत्री आर्थर सॅम्युएल चित्रपटावर सरकारी पैसा उधळण्याच्या विरोधात होते. परंतु त्यांना हेरिंग माशाच्या व्यवसायात विलक्षण रस होता, इतका की त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. साहजिकच पहिल्या चित्रपटाचा विषय हेरिंगची मासेमारी हा ठरला! पैसे मंजूर झाले.

‘ड्रिफ्टर्स’ या मूकपटाचा पहिला खेळ १० नोव्हेंबर १९२९ रोजी लंडनच्या फिल्म सोसायटीत झाला. त्याच कार्यक्रमात ‘बॅटलशिप पोटेमकिन’ही ब्रिटनमध्ये प्रथमच दाखवला गेला. उत्तर समुद्रात जाळी टाकणारे कोळी, बोटीच्या यंत्रघरातला घाम, उसळत्या लाटा आणि अखेरीस किनाऱ्यावर होणारा माशांचा लिलाव, असे त्याचे स्वरूप होते. ब्रिटिश पडद्यावर तोवर कामगार दिसे तो बहुधा विनोदापुरता. ‘ड्रिफ्टर्स’मध्ये तो प्रथमच नायक झाला. मार्गारेट टेलर यांनी संकलनात साथ दिली. पुढच्या वर्षी त्या आणि ग्रिअर्सन विवाहबद्ध झाले.

या चित्रपटाविषयीची एक बाब आजच्या प्रेक्षकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. बोटीच्या केबिनमधली दृश्ये समुद्रात चित्रित झालेली नाहीत. त्यासाठी किनाऱ्यावर केबिनचा देखावा उभारण्यात आला होता. पाण्याखालचे मासे प्लिमथ येथील सागरी संशोधन केंद्राच्या टाकीत टिपलेले होते. ग्रिअर्सन यांना यात फसवणूक वाटत नव्हती. वास्तवाची नुसती नक्कल म्हणजे माहितीपट नव्हे, तर वास्तवातून घडवलेली ती कलाकृती असते, असे त्यांचे मत होते. ‘रिॲलिटी शो’मध्ये किती ‘रिॲलिटी’ असते, हा वाद आज चालतो. त्याचे मूळ असे या पहिल्याच चित्रपटात सापडते.

कलाकारांची कार्यशाळा

‘ड्रिफ्टर्स’च्या यशानंतर कोणीही दिग्दर्शक दुसऱ्या चित्रपटाच्या मागे लागला असता. ग्रिअर्सन यांनी उलट केले. १९३० मध्ये त्यांनी बोर्डाचा चित्रपट विभाग उभारला आणि तिथे तरुणांची भरती सुरू केली. बॅसिल राइट, आर्थर एल्टन, एडगर अँन्स्टी, स्टुअर्ट लेग, पॉल रोथा, हॅरी वॉट ही पुढे नावारूपाला आलेली मंडळी या विभागात तयार झाली. पगार तुटपुंजा, कामाचे तास अनिश्चित आणि ग्रिअर्सन यांचा स्वभाव कडक. तरीही विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली मुले इथे येत राहिली, कारण आपण चित्रपटच नव्हे तर समाज घडवत आहोत, ही भावना त्यांना इथे मिळत होती. १९३३ पर्यंत या विभागाने शंभराहून अधिक लहानमोठे चित्रपट तयार केले. चित्रपटगृहांनी दारे उघडली नाहीत, तेव्हा ग्रिअर्सन यांनी शाळा, ग्रंथालये, कामगार संघटना आणि क्लब असा स्वतंत्र प्रेक्षक शोधला.

१९३३ मध्ये एम्पायर मार्केटिंग बोर्डच बंद पडले. विभाग मात्र वाचला. टॅलेंट्स टपाल खात्यात गेले आणि जाताना त्यांनी ग्रिअर्सन यांच्या चमूलाही नेले. अशा रीतीने ‘जीपीओ फिल्म युनिट’चा जन्म झाला. टपाल खात्यासाठी चित्रपट करायचे म्हणजे पाकिटे आणि तारा दाखवायच्या, असे कोणालाही वाटेल. पण १९३६ च्या ‘नाइट मेल’ने लंडनहून स्कॉटलंडकडे रात्रभर धावणाऱ्या टपालगाडीचे काव्य केले. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे शब्द आणि बेंजामिन ब्रिटन यांचे संगीत त्याला लाभले होते. दिग्दर्शन वॉट आणि राइट यांचे. यातही पत्रे लावणारे कर्मचारी खरे होते, मात्र त्यांचा डबा स्टुडिओत उभा केलेला होता आणि गाडी धावत असल्याचा भास व्हावा म्हणून त्यांना अंग डोलवावे लागत होते. चहाच्या जाहिरातीसाठी सिलोनच्या चहा मंडळाने दिलेल्या पैशातून राइट यांनी ‘साँग ऑफ सिलोन’ केला. त्यात चहाइतकीच त्या बेटाची श्रद्धा, श्रम आणि त्यावर चालून आलेला व्यापार दिसतो. ज्याचा पैसा, त्याचे काम करून द्यायचे आणि त्याच्याआड आपले सांगणेही सांगून घ्यायचे, ही ग्रिअर्सन यांच्या शाळेची रीत झाली होती.

बहिणीचा सवाल

या रीतीला सर्वांत धारदार आव्हान मिळाले ते घरातूनच. ग्रिअर्सन यांच्या रुबी आणि मॅरियन या दोन्ही बहिणी चित्रपट क्षेत्रात उतरल्या होत्या. रुबीने आपल्या भावाला एकदा स्पष्टच सुनावले. काचेच्या भांड्यातल्या माशांकडे बाहेरून पाहावे, तसा तू माणसांकडे पाहतोस, असा तिचा आक्षेप होता. हे भांडे फोडायचे तिने ठरवले होते.

१९३५ मध्ये एल्टन आणि अँन्स्टी यांनी ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा माहितीपट केला. रुबीने त्यात साहाय्यक म्हणून काम केले. लंडनच्या पूर्व भागातील गलिच्छ वस्त्यांमध्ये जाऊन रहिवाशांनाच कॅमेऱ्यासमोर बोलते करायचे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक आता तुमचा आहे, मनात येईल ते सांगा, असा विश्वास रुबीने त्या बायाबापड्यांना दिला. कोंदट खोल्या, ढेकूण, उंदीर यांची हकिकत लोकांनी आपल्याच तोंडून, आपल्याच बोलीत सांगितली. आज प्रत्येक वृत्तवाहिनीवर दिसणाऱ्या ‘लोक काय म्हणतात’ या प्रकाराचा हा पूर्वज.

पैसा मात्र पुन्हा दुसऱ्याचाच होता. या चित्रपटाचा खर्च गॅस पुरवठादारांच्या संघटनेने केला होता. जुन्या वस्त्या पाडून नवी घरे झाली, तर त्यात गॅसच्या शेगड्या येतील, हा सरळ व्यापारी हिशेब होता. भाडेकरूंचे दुःख खरे होते आणि गॅसवाल्यांचा स्वार्थही खरा होता. पण घरमालकांचा नफा, मजुरी आणि बेकारी यांविषयी चित्रपट फारसे बोलत नाही. प्रायोजकाच्या पैशाने एक दार उघडले जाते आणि दुसरे बंदच राहते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

कॅनडातील शिखर आणि कडेलोट

१९३७ मध्ये ग्रिअर्सन यांनी टपाल खाते सोडले. पुढच्या वर्षी कॅनडा सरकारने त्यांना सल्ल्यासाठी बोलावले. त्यांच्या अहवालावरून मे १९३९ मध्ये कायदा झाला आणि नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाची स्थापना झाली. ऑक्टोबरमध्ये ग्रिअर्सन तिचे पहिले आयुक्त झाले. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते.

युद्धाने संस्था झपाट्याने वाढवली. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांनिशी सुरू झालेल्या बोर्डात १९४५ पर्यंत साडेसातशेहून अधिक माणसे काम करू लागली. ‘कॅनडा कॅरीज ऑन’ आणि ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या मालिका चित्रपटगृहांतून दाखवल्या जाऊ लागल्या. ‘चर्चिल्स आयलंड’ या चित्रपटाने माहितीपटासाठीचे पहिले ऑस्कर मिळवले. प्रोजेक्टर घेऊन फिरणारे प्रतिनिधी खेडोपाडी, कारखान्यांत आणि कामगार सभांत पडदा लावत. खेळ झाल्यावर चर्चा व्हावी, हा ग्रिअर्सन यांचा आग्रह असे.

याच काळात त्यांच्या घरावर आघात झाला. ब्रिटनमधील मुलांना बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडात हलवले जात होते आणि त्यावर चित्रपट करण्यासाठी रुबी ‘सिटी ऑफ बनारस’ या जहाजाने निघाली होती. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. सरकारी योजनेतील ९० मुलांपैकी ७७ मुले दगावली. जहाजावरील अनेक भारतीय खलाशांचाही अंत झाला. रुबीही वाचली नाही. तिचे वय अवघे ३६ होते.

ग्रिअर्सन यांनी कामात स्वतःला बुडवून घेतले. पण सरकारी संस्थेत राहून जगाविषयी मोकळेपणाने बोलण्याची मर्यादा आता जाणवू लागली होती. ग्रीसमधील ब्रिटिश धोरणाला बोचणारा ‘बाल्कन पावडर केग’ हा चित्रपट कॅनडा सरकारच्या नाराजीमुळे मागे घ्यावा लागला. सोव्हिएत रशियाविषयी सहानुभूतीने केलेले चित्रपट युद्धात मित्रराष्ट्राचे कौतुक म्हणून चालून गेले होते. युद्ध संपताच तेच चित्रपट संशयाचे कारण ठरले.

ऑगस्ट १९४५ मध्ये ग्रिअर्सन यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात ओटावा येथील सोव्हिएत वकिलातीतील सांकेतिक लिपीचा कारकून इगोर गुझेंको कागदपत्रांसह फुटला. त्या कागदपत्रांतील एका टिपणात ग्रिअर्सन यांचे नाव आले होते आणि त्यांच्या कार्यालयात काम केलेल्या एका महिला सचिवावर संशय होता. १९४६ मध्ये चौकशी आयोगापुढे त्यांना साक्ष द्यावी लागली. त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. पण शीतयुद्धाच्या वातावरणात नुसता उल्लेखही पुरेसा होता. न्यूयॉर्कमध्ये स्वतःची निर्मिती संस्था चालवण्याचा त्यांचा बेत होता; १९४७ मध्ये अमेरिकेने व्हिसा काढून घेतला आणि तो बेत बारगळला. ज्या सरकारांसाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्यांपैकी कोणीही त्यांच्यासाठी आवाज चढवला नाही.

मुंबईशी नाते

ग्रिअर्सन यांच्या विचाराचे बीज भारतातही पडले होते. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने युद्धप्रचारासाठी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले, तेव्हा ते उभे करण्यासाठी ग्रिअर्सन यांच्याच चळवळीतील अलेक्झांडर शॉ यांना पाठवण्यात आले. व्ही. शांताराम यांनीही काही काळ या बोर्डाची धुरा सांभाळली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. मुख्य चित्रपटाआधी तिचे अनुबोधपट अनेक दशके देशभरच्या प्रेक्षकांनी पाहिले. कोणी आवडीने, कोणी खारे दाणे संपवत. सरकारी पैशावर सत्य किती सांगता येते, हा ग्रिअर्सन यांना पडलेला प्रश्न इथल्या दिग्दर्शकांनाही पडला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तेव्हा तो नव्याने चर्चेत आला.

छोट्या पडद्यावर

युनेस्कोमधील जनसंपर्क विभागाचे संचालकपद, लंडनमधील सरकारी माहिती कार्यालय, कथापट करणारी ‘ग्रुप थ्री’ ही सरकारी अर्थसाह्यावरील संस्था, असे ग्रिअर्सन यांचे पुढील मुक्काम होते. कोठेही पूर्वीची धग आली नाही. ‘ग्रुप थ्री’ तर तोट्यात जाऊन १९५५ मध्ये बंद पडली. दरम्यान क्षयाने त्यांना गाठले होते.

अशा वेळी त्यांना हात दिला तो दूरचित्रवाणीने. १९५७ मध्ये स्कॉटिश टेलिव्हिजनवर ‘धिस वंडरफुल वर्ल्ड’ हा कार्यक्रम सुरू झाला. देशोदेशींच्या माहितीपटांतील निवडक भाग दाखवत, त्यावर रसाळ बोलत ग्रिअर्सन स्वतः पडद्यावर येऊ लागले. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिलेला हा बुटकासा, जाड चष्म्याचा माणूस साठीच्या उंबरठ्यावर घरोघरी ओळखीचा झाला. ग्लासगोजवळच्या क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीवर त्यांनी लिहिलेल्या आराखड्यावरून तयार झालेल्या ‘सीवर्ड्स द ग्रेट शिप्स’ या लघुपटाने ऑस्करही मिळवले.

अखेरच्या वर्षांत ते माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकवत होते. १९७१ मध्ये ते काही महिने भारतातही होते. डिसेंबरमध्ये मायदेशी गेल्यावर ते पुन्हा इकडे येणार होते. परंतु भारत-पाकिस्तान युद्धामुळे प्रवास लांबला आणि जानेवारीत रुग्णालयातील तपासणीत कर्करोगाचे निदान झाले. १९ फेब्रुवारी १९७२ रोजी बाथ येथे त्यांचे निधन झाले. अस्थिकलश त्यांच्या इच्छेप्रमाणे आयर्लंडच्या किन्सेलजवळ समुद्रात सोडण्यात आला. तो पाण्यात उतरत असताना सोबत आलेल्या मच्छीमार बोटींनी भोंगे वाजवले. ज्या कोळ्यांना त्यांनी पडद्यावर नायक केले होते, त्यांच्याच व्यवसायबंधूंनी दिलेला हा निरोप होता.

आज कॅनडाचे फिल्म बोर्ड उभे आहे, आणि खासगी निर्मिती संस्थांनी तर ‘वास्तवा’चा मोठा उद्योग केला आहे. माणसांना काचेच्या भांड्यात ठेवून पाहण्याचा खेळ त्यात जोरात आहे. रुबीने हे भांडे फोडायला घेतले होते. तिच्या भावाने त्यासाठी संस्था उभ्या केल्या, तडजोडी केल्या, काही वेळा माघारही घेतली. पैसा कोणाचा आणि तो कशासाठी, हे ग्रिअर्सन यांच्या चित्रपटांत लपलेले नसे. गॅसचा पैसा गॅसचा म्हणून आणि टपालाचा टपालाचा म्हणून नावानिशी पडद्यावर येई. कार्यक्रम संपताना झळकणाऱ्या त्या एका ओळीकडे प्रेक्षकांनी क्षणभर पाहावे, एवढी तरी आठवण या माणसाने मागे ठेवली आहे.